शेऱ्याचा रकाना

मला दिलेलं काम साधं होतं:
जुन्या नोंदवह्या संगणकात उतरवायच्या.
बाराशे पक्षी, बरण्यांतले दोनशे साप,
विश्वामित्रीतली एक मगर,
आणि पाणघोडा, फक्त डोकं.
कमाटीबागेत दुपारी पोपट ओरडायचे
आणि आत, आमच्या खोलीत,
डांबरगोळ्यांचा वास बसून राहायचा
चहासुद्धा न घेता.

चौथी वही खानविलकरांच्या हातची.
मल्हार बाबाजी खानविलकर, पेंढा भरणारे,
पगार बावीस रुपये.
अक्षर मोडी. आधी पानभर रेघ ओढायची
मग तिला अक्षरं लटकवायची,
वटवाघळं जशी.
मी मोडी शिकले ती दांडिया बाजारात
कोर्टातल्या एका निवृत्त कारकुनाकडे, रविवारी,
तेव्हा वाटलं होतं पेशवाईतलं काही हाती लागेल.
लागलं हे.

अनुक्रम, नाव, ठिकाण, देणगीदार, शेरा.
(मारणाऱ्याला वहीत देणगीदार म्हणतात.)
शेऱ्याचा रकाना बाकीच्यांनी कोराच ठेवलेला,
यांनी मात्र भरलेला, समासात सांडेपर्यंत.

"घुबड. काचेचे डोळे बोटीनं आलेच नाहीत.
हरणाचे होते ते बसवले. बघू."
ते घुबड अजून आहे, पायऱ्यांजवळच्या कपाटात,
आणि खरंच हरणासारखं बघतं,
गवतात काहीतरी हललं असं.

"खंड्या. पोटात मासा होता. तोही ठेवला आहे, बरणी १७."
"सोमलाचा साबण संपला. नखं काळी पडली.
वैद्य म्हणतात काम बदला. कुठलं?"
"कोल्हा. बाहेर ऊन नाही, सबब वाळला नाही, सबब वास.
साहेब नाक धरून गेले. कोल्हा बरा झाला आहे."

मग पान त्रेचाळीस.
गिधाड, नर. ठिकाण: ढोरं टाकायची जागा, गावाबाहेर.
शेरा: "विपुल. आणखी नकोत.
पुढल्या खेपेस काही दुर्मिळ आणावे."

मी पंख्याखाली बराच वेळ तशीच.
माझा मुलगा एकोणीस वर्षांचा,
गिधाड त्यानं पाहिलंय ते इथेच,
सहलीत, डबा खाता खाता.
मी लहान असताना मकरपुऱ्याकडे जाताना
एका वठलेल्या झाडावर ती बसायची
ओल्या छत्र्या वाळत घातल्यासारखी
आणि आई म्हणायची, तिकडे बघू नको.
मी बघितलं नाही.
आज्ञाधारक मुलगी होते.

खाली जाऊन कपाट उघडायला लावलं.
पोटाखाली, पिसं बाजूला केली की, टाके दिसतात,
पतंगाच्या दोऱ्याचे. संक्रांतीनंतर उरला असेल.
एकेक टाका सारख्या अंतरावर,
कोणी कधी बघणार नाही अशा जागी.
तेवढ्यात शाळेची रांग आली. एका मुलीनं विचारलं,
"काका, आ साचुं छे?"
पहारेकरी सोमाभाई किल्ल्या मोजत म्हणाले,
"हतुं."
ती पुढच्या कपाटाकडे पळाली. तिकडे वाघ आहे.

पान साठनंतर अक्षर बदलतं.
देवनागरी, सुबक, टाक चांगला.
खानविलकर कुठे गेले याची नोंद नाही,
नोंद ठेवणारे तेच होते.
नव्या माणसानं शेऱ्याच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत लिहिलंय: निरंक, निरंक, निरंक.

संगणकावर शेऱ्याला शंभर अक्षरांची जागा.
मूळ शेरा जसाच्या तसा उतरवावा,
स्वतःचं काही घालू नये, असं परिपत्रक आहे,
आणि ते बरोबरच आहे.
मी उतरवला:
विपुल. आणखी नकोत. पुढल्या खेपेस काही दुर्मिळ आणावे.
तरी बरीच जागा उरली.
कर्सर तिथे लुकलुकत होता.
साडेपाचला सोमाभाईंनी दिवे घालवले.